चिखलणीचा पहिला वेढा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना तर नाहीच. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो.

संस्थानी अंमलातली गोष्ट. माझे चुलते, तात्या, भोरला पहारेकरी होते. जिन्यावरून पडले, खुबा कायमचा दुखावला. यापुढं अंगमेहनत होणार नाही म्हणून कचेरीनं त्यांना पेन्शन बांधून दिली. मग ते हिर्डोशीला आमच्या घरी येऊन राहिले. लंगडत ओट्यापर्यंत यायचे आणि दिवसभर तिथंच.

बसले तर बसू देत — पण तोंड? मी सकाळपासून नाचणीच्या उतारावर वाकलेला, आणि हे ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवणार, की आताच्या पोरांच्या हाडाला काम ठाऊक नाही, आम्ही उन्हातान्हात उभे राहिलो म्हणून आज बसून खातो, यांना सगळं आयतं हवं. मला आयतं? मी राबत होतो ते कुठं गेलं? आणि मी म्हातारा झाल्यावर मला कोण पेन्शन देणार होतं — ते डोंगर? आजही आठवलं की कानशिलं तापतात.

लावणीच्या दिवसांत चावडीवर वर्दी आली, उद्या कचेरीचे कारकून पिकं बघायला येणार. आमच्याच बांधावरून जाणार, हे मला माहीत होतं. आमच्या भातखाचराची चिखलणीही उद्याच. चिखलणीचा पहिला वेढा घरातल्या थोरल्यानं मारायचा, असा आमचा रिवाज. वडील गेल्यापासून तो मीच मारत होतो. तात्यांचा खुबा सगळ्यांना ठाऊक होता.

त्या सकाळी मात्र मी त्यांना बांधावर आणलं आणि लावणीला आलेल्या बायकांदेखत कासरा त्यांच्यापुढं धरला.

"तात्या, थोरले तुमी. का आता औत झेपत न्हाई?"

तात्यांनी धोतर खोचलं आणि चिखलात उतरले. एका वेढ्यानं भागलं असतं. पण थांबतात कसले — आम्हाला काम दाखवायचं होतं ना!

तेवढ्यात कारकून बांधावर आले. तात्या औतामागं पल्याडच्या टोकाला होते, बायका रोपं उपटायला गेलेल्या. हे पेन्शनवाले पहारेकरीच ना, म्हणाले. नेहमी हाकतात का औत?

आज पहिल्यांदाच, तेही मी डिवचलं म्हणून — एवढंच तर सांगायचं होतं. जड होतं का ते?

मी म्हणालो, "व्हय रावसाहेब. रोजच की."

दुपारपर्यंत खुबा टम्म सुजला. पुढं कितीतरी दिवस तात्या परसाकडंसुद्धा दोघांच्या खांद्यावर जायचे. त्यातला एक खांदा माझा.

पेन्शन बंद झाली. कचेरीनं वैद्याकडून खुबा तपासून घेणं नाही, काही नाही. ही काय कचेरी म्हणायची, असं मी गावभर ओरडत फिरलो. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता! तात्याच मला आवरायचे.

"माजीच मस्ती नडली, पोरा. तू कशाला भांडतोस?"

त्यानंतर ते ओट्यावर बसले नाहीत. फुकट खायचं नाही म्हणून लंगडत गुरांमागं जायचे, फरफटत नाचणी खुरपायचे. आताच्या पोरांविषयी पुन्हा शब्द काढला नाही. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पुतण्या लई गुणाचा, माझ्यापायी कचेरीला शिव्या देत फिरला.

मी तिथंच असायचो. ऐकून घ्यायचो.