गोळी आणि पंचगव्य

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही बोईसरला राहत होतो. यजमान तारापूरच्या वीजप्रकल्पाच्या बांधकामावर नोकरीला होते आणि सासूबाई साताऱ्याहून माझ्या मदतीला आल्या होत्या. पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं होतं. त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं की माझी गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद चालते; म्हणूनच अंग जड, केस गळतात, भर वैशाखात थंडी वाजते. गोळी रोज घ्यायची, गरोदरपणी तर मुळीच चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सासूबाईंनी त्यातून एवढाच अर्थ काढला, की सुनेच्या आळसाला मुंबईत नाव मिळालं.

गोळ्या पालघरहून आणाव्या लागत. एकदा सासूबाई आणायला गेल्या आणि दुकानदाराला विचारून आल्या, या कशाच्या करतात. त्यानं सरळ सांगितलं, जनावराची ग्रंथी वाळवून. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा चालत नसे. घरी येताच त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली.

यजमान म्हणाले, आईचंही बरोबर आहे, इथल्या डॉक्टरांना विचारू. इथल्या डॉक्टरांनी पोटुशीला कुठलंच औषध नको म्हणून हात झटकले. शिरगावची मासळीवाली दारावरून जाताना थांबली, तिलाही मत होतंच. "मावरा खा ना बाय, गोली कशाला पायजे?" सासूबाईंनी दार लावून घेतलं.

पुन्हा पाय सुजू लागले, बसल्या जागी डोळा लागू लागला. मग मी कुणाला न विचारता गाडीनं पालघर गाठलं, दुकानातच पाणी मागून गोळी घेतली आणि बाटली घरी आणून सासूबाईंसमोर ठेवली.

"पाप माझं. बाळ झालं की सांगाल ते प्रायश्चित्त घेईन. पण या बाटलीला आता हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट-भांडं वेगळं झालं. मधेच मुंबईला दाखवलं तर डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली; ते मी घरी सांगितलंच नाही.

मुलगी झाली, ठणठणीत. आपल्या सोळा सोमवारांचं फळ, असं सासूबाईंनी आल्यागेल्याला सांगितलं. बारशाच्या दिवशी सकाळी त्यांनी पंचगव्याची वाटी पुढे केली. मी ते प्याले आणि त्यांच्यादेखत गोळीही घेतली.

यजमान खुशीत म्हणाले, "बघ, दोघींचंही म्हणणं राहिलं."

बाटली मोरीत गेली तेव्हा 'आईचंही बरोबर' म्हणणारे हेच; दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.