ओल्या भुईच्या आतल्या बाजूला

निजामी राजवटीच्या शेवटच्या काही वर्षांत मी जिंतूरच्या सरकारी शाळेत शिक्षक होतो. ड्रॉइंगचे मास्तर आणि मी एका विधवा म्हातारीच्या घरात शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्याने राहत असू. आम्ही तिला मावशी म्हणायचो. खोल्यांची जमीन मातीची होती आणि ती स्वतः सारवायची.

मास्तरांची नोकरी हंगामी होती. हैदराबादची चित्रकलेची परीक्षा पास झाले तर कायम, नाही तर उन्हाळ्यानंतर घरी, असा हुकूम होता. परीक्षेसाठी एक तैलचित्र पाठवायचे होते. घरकाम करणारे माणूस समोर ठेवून, दिसते तसे काढायचे आणि चेहरा ओळखू आला पाहिजे, एवढी अट. मास्तरांनी मावशीला सारवताना काढायचे ठरवले.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. त्या सकाळी मास्तर आपल्या खोलीच्या दारात चित्राची घोडी मांडून बसले. मावशीने शेणाचा काला केला, आतल्या भिंतीपासून सुरुवात केली आणि हाताने कमानी काढत मागे मागे दाराकडे सरकू लागली. मास्तरांना तिची पाठ दिसत होती.

"मावशी, तोंड इकडं करा की."

"तसं केलं तर सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकीन. मंग भुई वाळंस्तोवर तितंच बसू का?"

"चित्रापुरतं करा."

"चित्र बघून बाया काय म्हनतील? म्हातारी झाली तरी सारवाया येईना."

ती काही फिरली नाही. मास्तरांनी ती सारवून होईपर्यंत पाठच रेखाटली आणि संध्याकाळी कागद फाडला.

पुढच्या शुक्रवारी त्यांनीच जागा बदलली. घोडी आणि रंग घेऊन ते आतल्या भिंतीशी पाटावर बसले. मावशीने त्यांच्या पाटापासून सारवायला घेतले. आता तिचा चेहरा त्यांच्यासमोर होता. दाराजवळचा पट्टा ती चित्रासाठी मुद्दाम सावकाश सारवी. मग ती उंबऱ्याबाहेर जाई आणि मास्तर आत अडकून पडत. थंडीमुळे भुई लवकर वाळत नसे.

शेजारीण घागर घेऊन चालली होती. तिने आत डोकावले.

"मास्तरला कोंडून घातलाव की मावशी."

"पळून जायलाय म्हून," मावशी म्हणाली.

मास्तरांना भाकरी दुपार कलल्यावर, भुई वाळली की मी नेऊन देई. पाऊल उमटले तर पुन्हा सारवावे लागेल, हे ती मला दरवेळी दारातच बजावी.

असे बरेच शुक्रवार गेले. चित्रात ओली भुई चमकत होती, हाताच्या शिरा दिसत होत्या, पण उजेड दारातून, म्हणजे मावशीच्या पाठीमागून येत होता. चेहरा काळोखात गेला होता. ओळखू येत होता, पण बारकाईने पाहिले तरच. मावशीनेही एकदा पाहून "लय काळी केलाव" म्हटले. परीक्षक एवढे थांबून पाहणार नाहीत, असे मी मास्तरांना सांगितले. त्यांना ते पटले. त्या संध्याकाळी त्यांनी गालावर आणि कपाळावर उजळ रंग चढवला.

नंतरच्या शुक्रवारी ते पुन्हा पाटावर बसले. बराच वेळ मावशीकडे पाहिले. मग सुरीने तो रंग खरवडून काढला.

"तिथं उजेड नाही," ते मला म्हणाले. चित्र तसेच हैदराबादला गेले.

निकालाचा कागद होळीच्या आधी आला. तो उर्दूत होता. मास्तरांनी ओसरीवर उभे राहून वाचला, आणि मावशीने तो मराठीत सांगायला लावला. ते पास झाले होते. चित्र परत मिळणार नव्हते.

"म्हंजे आता जायचं न्हाई?"

"नाही. कायम झालो."

"बरं झालं."

मास्तरांच्या खोलीसाठी कचेरीतला एक कारकून दोनदा चौकशी करून गेला होता. मावशीने त्याला ना हो म्हटले होते, ना नाही. त्या दुपारी डोक्यावर पदर ओढून ती कचेरीकडे गेली आणि त्याला दुसरीकडे खोली बघायला सांगून आली.