ताईनं मधली पातळी निवडली

खासगी गप्पांच्या अ‍ॅपसाठी सुरक्षेच्या तीन पातळ्या धाकटीनंच आखल्या होत्या. तासाभरात अ‍ॅप लोकांच्या हाती जाणार होतं. मारकुट्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, ताईला, तिनं ते वापरून बघायला दिलं.

ताईनं काही न वाचताच मधली पातळी दाबली.

"अगं, मधलीच का?"

"कमी म्हणजे धोका, जास्त म्हणजे कटकट. माणूस मधलंच उचलतं, बाई."

मधल्या पातळीत, ज्याच्याकडे नंबर त्याला आपलं ठिकाण दिसायचं. आणि ताईचा नंबर नवऱ्याकडे होता. धाकटीनं साहेबांना फोन लावला.

"थांबवा. तिन्ही पातळ्यांत ठिकाण झाकायचंय."

"आत्ता? डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं ताईच्या फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं.