शेड नंबर बेचाळीस

रंगाच्या कारखान्यात काम केलं की हाताचा रंग साबणाने जातो, किस्से मात्र जात नाहीत. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातले निम्मे किस्से तर एकट्या जोगळेकरसाहेबांचे!

साहेब शेड-मॅचिंगचे मुख्य. कापडाचा तुकडा नुसता बघून शेड-कार्डावरचा नंबर सांगायचे आणि कधी चुकायचे नाहीत. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला बदलापूर गावात गेले. घरी आल्यावर जोगळेकरवहिनींनी विचारलं, मुलगी कशी आहे?

"साडी शेड सव्वीस," साहेब म्हणाले. "मुलगी बघायची राहिली."

*

दर दिवाळीला आमचं टोळकं मालवणला जायचं. साहेबांनी सायकलच्या ट्यूबमध्ये काच बसवून पाण्याखाली बघायचा चष्मा केला, आणि पहिल्याच बुडीत त्यांना खडकावर समुद्री गोगलगाय दिसली. पाठीवर शंख नाही, पण अंगावर शालूचे रंग! साहेब वेडेच झाले. जितके रंग तितक्या जाती, हा त्यांचा नियम. एखादी नवी जात आपल्या नावाने ओळखली जावी, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. कारखान्याजवळच्या मोरिवलीच्या चहावाल्यालासुद्धा ते ठाऊक होतं.

*

रंग जुळवायला साहेब शेड-कार्ड घेऊन पाण्यात उतरले. कार्डावरचे तुकडे आमच्याच कारखान्याचे, अगदी 'पक्क्या रंगाचे'. साहेब वर आले ते निळी दाढी घेऊन. होडीवाला शांतपणे म्हणाला, "साहेबानू, फुडच्या खेपेक घराकडसूनच रंगान येवा."

*

एक गोगलगाय खोल पाण्यात तपकिरी दिसली, वर आणली तर लालभडक. साहेबांनी वहीत दोन जाती लिहिल्या. मी म्हटलं, साहेब, प्राणी एकच आहे हो.

"प्राणी असेल," ते म्हणाले. "शेड दोन आहेत."

*

उल्हासनगरच्या कॅम्पातला लछमनदास आमचा कापडवाला मित्र. खारं पाणी झोंबतं म्हणून तो डोळे मिटूनच बुडी मारायचा आणि हाताला लागेल ते वर आणायचा. वर साहेबांनाच शिकवायचा, "साईं, रंग तो धुलाई में जाता है. पोत बघा."

साहेब प्रत्येक रंगाची एकेक गोगलगाय स्पिरिटच्या बाटलीत जपून ठेवायचे. एकदा लछमनदासने आणलेली गोगलगाय त्यांनी क्षणभर पाहिली आणि तिसऱ्या बाटलीतल्यासारखीच आहे, डबल आहे, म्हणून परत केली. त्याने ती स्पिरिटच्या बाटलीत घालून दुकानात ठेवली.

*

शेवटी मुंबईच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक गोगलगायी तपासायला साहेबांच्या घरी आले; आमचं सगळं टोळकंही जमलं. टेबलावर साहेबांच्या सात जातींच्या सात बाटल्या. पण स्पिरिटमध्ये सगळ्यांचा रंग उतरला होता. भिजलेल्या साबुदाण्यासारख्या सातही पांढऱ्या! प्राध्यापकांनी भिंगातून शिंगं पाहिली, कल्ले पाहिले आणि सांगितलं की या सातही एकाच जातीच्या आहेत, आणि ती जात जुनीच आहे. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. इतकी वर्षं त्यांची चेष्टा केली होती मी, पण तेव्हा फार वाईट वाटलं.

मग लछमनदासने संकोचत दुकानातून आणलेली आपली बाटली पुढे केली. प्राध्यापक भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिले. असे कल्ले त्यांनी कुठल्याच पुस्तकात पाहिले नव्हते. त्यांनी घाईने कागद ओढला आणि विचारलं, जिवंत असताना हिचा रंग कोणता होता? त्याशिवाय नोंद पुरी व्हायची नाही.

लछमनदासने डोकं खाजवलं. "रंग आठवत नाही, साईं. पोत सांगतो."

प्राध्यापकांनी पेनाला टोपण लावलं. कोपऱ्यातून, मान वर न करता, जोगळेकरसाहेब म्हणाले, "शेड बेचाळीस. कडेला एकोणीस."