झरीच्या माळावरची तार

एसटी पांढरकवड्यापुढे बंद पडली, म्हणून झरी जामणीपर्यंत आम्ही काळीपिवळीतून, कापसाच्या गाठोड्यांवर बसून गेलो. आम्ही म्हणजे मी आणि पुण्याहून आलेले आमच्या पाहणीचे प्रमुख. हवामान बदल रोखायला सरकारं जे निर्णय घेतात, त्यांबद्दल लोकांचं मत वर्षागणिक कसं बदलतं, हे अनेक देशांत एकाच वेळी विचारलं जात होतं. मी यवतमाळची, म्हणून हा भाग माझ्याकडे होता.

पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) रुख्माबाई भेटल्या. मागच्या फेरीत माळावर झाडं लावायच्या सरकारी योजनेला त्यांनी हसत होकार दिला होता, रोपंही डोक्यावरून वाहिली होती. आता त्यांच्या वावरातली पऱ्हाटी (कपाशी) बोंडअळीनं खाल्ली होती. अंगणात एकही शेळी नव्हती. तरी त्यांनी आमच्यापुढे भाकर आणि अंबाडीची भाजी ठेवली.

अशा योजना वाढवाव्यात का, असं मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "कपाशी गेली तं शेळ्या होत्या. तुम्ही माळाले तार लावली, चराई बंद केली. शेळ्या इकल्या मी. झाडं मीच लावली ना बाई, मंग तार लावाच्या आधी मले काहून नाही इचारलं?"

प्रमुखांनी मला 'विरोध' लिहायला सांगितलं. विरोध झाडांना नाही, असं मी म्हटलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले की सगळ्या देशांत हेच दिसतं. आधी लोक हो म्हणतात, झळ बसली की फिरतात. कुठे पेट्रोल महागतं, त्यालाही झळ म्हणायचं आणि या रिकाम्या अंगणालाही, हे मला पटेना. मी लिहायला नकार दिला. त्यांनी स्वतःच लिहून टाकलं.

मग आम्ही रुख्माबाईंसोबत माळावर गेलो. तारेपलीकडे झाडं हिरवीगार होती. फोटो काढताना प्रमुखांनी रुख्माबाईंना जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्या हलणार नाहीत," मी म्हणाले. "झाडं त्यांनी लावली आहेत."

रुख्माबाई तारेला धरून उभ्याच राहिल्या. शेवटी प्रमुखांनी मोबाइल खिशात टाकला.

परतीच्या एसटीत मी त्यांच्यापासून दूर, मागच्या बाकावर बसले. यवतमाळ आलं, घर आलं. अहवालात आता झरीचं मत फिरलेलं दिसेल, आणि दूरदेशी कुणीतरी त्याची कारणं शोधत बसेल. माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.