काकांच्या डोक्यातले भाव

आमच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. कुणी आत आलं, "काय भाव?" म्हणालं, की झाला एक तयार! मैत्रिणी म्हणतात, मंजू, तू फेकतेस. अगं, फेकायला डोकं लागतं. इथे नुसतं बसून राहायचं असतं.

दुकान गिरगावात, दोरखंड आणि ताडपत्रीचं. मालक अण्णा सावंत, काउंटरवर परबकाका. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा भाव, आणि तीस वर्षांचे सगळे भाव काकांच्या डोक्यात. अण्णांचा मुलगा निलेश कसलासा कोर्स करून आला आणि म्हणाला, "कॉम्प्युटरवर तीन टेबलं बनवायची. एकात गिऱ्हाइकं, दुसऱ्यात माल, तिसऱ्यात कुणाला कुठला माल काय भावाने. नाव टाकलं की भाव हजर!" मग मला हळूच म्हणाला, "हे झालं की काकांना आराम देऊ."

आराम म्हणजे घरी बसवणार, हे काकांनाही कळलं. आणि एन्ट्री करणार कोण? तर मी! नोकरीला लागले तेव्हा साधी पावती फाडता येत नव्हती मला, काकांनी शिकवलं. आता त्यांचीच नोकरी मी टाइप करून घालवायची. रडूच येत होतं मला.

*

पहिलाच आला लालबागचा डेकोरेटर. काका म्हणाले, "ह्याचे दोन भाव. लग्नाचा मांडव असला तर एक, मंडळाचा असला तर कमी."

"कळणार कसं?" निलेशने विचारलं.

"मंडळाचं काम असलं की कपाळाला गंध असतं."

निलेश दहा मिनिटं विचार करत बसला. मग तिसऱ्या टेबलात नवीन कॉलम आला. गंध : येस, नो!

आठवड्याभरात मुंबईतले झाडून सगळे डेकोरेटर गंध लावून यायला लागले.

*

मग निलेश म्हणाला, "प्रत्येक भावाला शेवटची तारीख पाहिजे. त्याशिवाय टेबल पुरं होत नाही."

शेजारच्या वाडीच्या सेक्रेटरीला ताडपत्री जुन्याच भावाने जाते. मी विचारलं, "काका, हा भाव कधीपर्यंत?"

"अण्णा आहेत तोवर. शब्द दिलाय त्यांनी."

माझी बोटं जागच्या जागी थांबली. तारखेचा रकाना रिकामा, आणि अण्णा समोरच गल्ल्यावर चहा पीत बसलेले!

"मेल्यांनो, मी हयच बसलंय!" अण्णा ओरडले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "लांबची टाक गो, मंजू."

*

यादीत नाव नसेल त्याला छापील भाव लावायचा, असं निलेशने ठरवलं. काका म्हणाले, "अरे, छापील भावाने आजवर कुणीच माल नेला नाही. तो खाली यायलाच ठेवलेला असतो."

"कॉम्प्युटरला सगळे सारखे, काका!"

दुसऱ्या दिवशी निलेश आणि अण्णा बँकेत गेले होते, काका चहाला, तेवढ्यात एक सभ्य गृहस्थ आले. ताडपत्री घेतली. नाव यादीत नव्हतं, मी नियमाप्रमाणे छापील भाव लावला. ते गृहस्थ पैसे मोजून, पावतीची घडी खिशात घालून गेले.

निलेशचे सासरे निघाले ते! त्या दुपारी निलेशचा डबाच आला नाही.

*

महिना संपला. निलेशने काकांना शाल आणि श्रीफळ दिलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

सोमवारी मच्छीमार नगरातून हिराबाई आली. तिच्या होडीची नायलॉन दोरी कायम आमच्याकडूनच जाते. निलेशने नाव टाकलं, भाव हजर. "मावशी, एकशे नव्वद रुपये किलो."

तिचा नेहमीचाच भाव! पण ती दोरीकडे संशयाने बघायला लागली. "पहिल्या फटक्यात एकशे नव्वद? मालात खोट हाय काय रं?" आणि चक्क निघून गेली!

"अरे बाबा," मी निलेशला म्हटलं, "काका आधी दोनशे चाळीस सांगायचे. ती ओरडायची, काका ओरडायचे, ती पायरी उतरायची, काका हाक मारायचे. मग एकशे नव्वद!"

"एवढंच ना? आणखी एक कॉलम!" निलेश म्हणाला. नाव दिलं, सुरुवातीचा भाव.

बुधवारी हिराबाई परत आली. बरोबर होड्यांचे दोन मालक, आणि मधोमध कडक इस्त्रीच्या शर्टात परबकाका! काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाजूला.

निलेशने स्क्रीनवर पाहिलं. "दोनशे चाळीस!"

"माझगावच्या पार्टीला हीच दोरी एकशे पासष्टने देतोस," काका शांतपणे म्हणाले. "हिलाही तेवढ्यालाच दे. आणि ह्या दोघांनाही."

दोघा होडीवाल्यांनी एकदम निलेशकडे बघितलं. निलेशला घाम फुटला. "काका, ते भाव आता कॉम्प्युटरमध्ये आहेत ना?"

"हो. माझ्या डोक्यातही आहेत."

मला एकीकडे हसू आवरेना, दुसरीकडे डोळ्यांत पाणी. अण्णा तर पेपर तोंडासमोर धरून बसले, तोही उलटा!

निलेश उठला. काउंटरची फळी वर केली, स्वतःची गोल फिरणारी खुर्ची पंख्याखाली सरकवली आणि म्हणाला, "आत या, काका."

काका आत आले. खुर्चीत टेकले, चष्मा लावला आणि हिराबाईकडे बघून खेकसले, "दोनशे चाळीस!"

हिराबाईने पदर खोचला.