बाळासाहेबांची आगटी

बाळासाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धोतर नेसताना. म्हैसमाळच्या पलीकडच्या खोऱ्यात त्यांचं कृषी पर्यटन केंद्र आहे. शनिवारी आम्ही ऑफिसातल्या चौघी रात्रीच्या मुक्कामाला तिथं जरा लवकर पोचलो, तर हे गृहस्थ आपल्या चकचकीत मोटारीच्या आडोशाला जीन्सवरच धोतर गुंडाळत होते. एरवी राहतात उस्मानपुऱ्यात, लिफ्टच्या इमारतीत. शेतकरी होतात शनिवार-रविवार. "या ताई, या! इथं समदं ओरिजिनल हाय," असं म्हणत त्यांनी फेट्याला पिन लावली.

ओरिजिनल हा त्यांचा लाडका शब्द. विहीर ओरिजिनल, पाणी मात्र टँकरचं. बैल ओरिजिनल, औताला कधी जुंपलेले नाहीत, फोटोपुरते उभे. शांतताही ओरिजिनल, पण तिच्याबद्दल ते इतकं बोलत की ती आमच्या कानांवर कधी पडलीच नाही.

दुपारी हुरडा होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा खड्डा म्हणजे आगटी. तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि चटका बसत असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. बाळासाहेबांनी आगटीशी मांडी घालून दोन कणसं चोळली, फोटो काढून घेतला आणि हातांवर फुंकर मारत उठले. मग दाण्यांनी भरलेल्या टोपल्या गोठ्यामागून येऊ लागल्या. त्या आणायला ते स्वतःच जात.

पाणी शोधत मी गोठ्यामागं गेले, तर तिथं दुसरी आगटी पेटलेली. पन्नाशीच्या एक बाई एकट्या बसून कणसांमागून कणसं चोळत होत्या. नाव सुमनमावशी.

"मावशी, पुढं का नाही बसत?"

"पुढं सायेबांची जागा हाय." त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर टाकले. "लई वाटतं बघा, पाव्हणे खात्यात तवा त्यांची तोंडं बघावी. आठ वर्सं झाली, कोण खातंय त्ये ठावं नाय."

संध्याकाळी पितळी ताटांत जेवण वाढलं. बाळासाहेबांनी माझं गाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही; थेट आडनाव विचारलं.

"जाधव," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा फुलला. जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "म्हंजी आपल्यातल्याच! मंग सांगाया हरकत नाय. गोठ्यामागं ती बाई हाय ना, ती जयभीमवाली. कामाला वाघीण हाय, पर पाव्हण्यांपुढं येऊ देत नाय मी तिला. तुम्ही निवांत जेवा."

आयुष्य मराठवाड्यात काढून या माणसाला जाधव आमच्यातही असतात हे ठाऊक नव्हतं! माझे वडील शहागंजात आंबेडकरी चळवळीची पत्रकं वाटायचे. त्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. तरी त्या क्षणी माझ्या तोंडात घास होता. मी तो आधी गिळला आणि मग बोलले, "बाळासाहेब, मीही जयभीमवालीच आहे." घास गिळण्याइतका तो उशीर मला अजून टोचतो.

ते मोठ्यानं हसले. "आवो ताई, आम्ही कुठं मानतो!"

सकाळी नाश्त्याला पितळी ताटं नव्हती. चौघींपुढं कागदी प्लेटा. माझ्या एका जेवणानं सगळं पितळ बाटलं होतं.

"ताटं कुठं गेली?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"घासायची ऱ्हायली ना ताई. लई येळ लागतो."

"रातच्यालाच घासलीत की, सायेब!" गोठ्याकडून आवाज आला. मावशी ताटांची चळत घेऊन पुढं आल्या. एकेक ताट आमच्यापुढं मांडलं, त्यात थालीपीठं वाढली आणि पाचवं ताट घेऊन स्वतः आमच्या पंगतीला बसल्या.

"सुमन, तुझी जागा मागं हाय."

"मी उठले तर आगटी बी उठली म्हणा, सायेब. तुमच्या दोन कणसांवर किती पाव्हणे जेवतील?"

माझी एक मैत्रीण फस्सकन हसली. दुपारी नवे पाहुणे यायचे होते. बाळासाहेबांनी आमच्याकडं पाहिलं, आमच्या हातांतल्या मोबाइलांकडं पाहिलं. "बस, बस. मी कुठं नाय म्हणलं?" असं पुटपुटत त्यांनी एक कागदी प्लेट उचलली आणि मोटारीत बसून खाल्लं.

परवा त्यांची जाहिरात पाहिली. पुढच्या आगटीशी सुमनमावशी बसल्या आहेत आणि खाणाऱ्या पाहुण्यांची तोंडं न्याहाळताहेत. मिळवलेली जागा त्यांनी सोडलेली नाही. फोटोखाली बाळासाहेबांनी ठळक अक्षरांत छापलं आहे: 'आमच्याकडे पहिल्यापासूनच जातपात नाही.'